चोपन्न पायऱ्या

माझ्या आजोळचं घर माळवदाचं होतं. नेवासे तालुक्यातलं छोटं गाव. खाली तुळया, त्यावर आडव्या काटक्या, मग पाला आणि सगळ्यात वर हातभर माती. उन्हाळा सरत आला की आजोबा शिडी लावून वर चढायचे. पावसाच्या आत नवी पांढरी माती टाकून माळवद चोपून घ्यावं लागे, नाहीतर आषाढात घरात ठिकठिकाणी पातेली मांडायची वेळ यायची. हे काम एका घराच्या माणसांनी उरकत नसे. आज आमचं, उद्या शेजारच्यांचं, परवा त्यांच्या पलीकडचं. अख्खी आळी पाट्या घेऊन उभी राहायची आणि माती हातोहात वर जायची. मी सात-आठ वर्षांची होते. माझ्याकडे प्यायच्या पाण्याचा तांब्या फिरवायचं काम असे.

त्यामुळे शब्बाथ शाळेत मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट ऐकली तेव्हा नगरच्या मुलांना जे कोडं पडलं, ते मला पडलं नाही. कफर्णहूमात प्रभू येशू एका घरात शिकवत होता. दारात पाय ठेवायला जागा नव्हती. चौघे जण एका पक्षघाती माणसाला घेऊन आले, वर चढले, छप्पर उघडलं आणि त्याची बाज खाली सोडली. लूक कौलांचा उल्लेख करतो, मार्क मात्र छप्पर उकरल्याचं सांगतो. मला लगेच आजोळचं माळवद दिसलं. माळवद उकरलं की खाली काय काय पडतं हे मला ठाऊक होतं. माती, वाळका पाला, वाळवी, एखादा विंचूसुद्धा. मी बाईंना विचारलं, "मग ते माळवद परत कुणी केलं?" बाई म्हणाल्या, पुढचं वचन वाच. पुढच्या वचनात त्याचं उत्तर नव्हतं. प्रश्न मनात तसाच राहिला, तो जवळजवळ पन्नास वर्षं.

19 जानेवारी 2022. पहाटे पाचला काहीतरी पडल्याचा आवाज आला. हे मोरीच्या दाराशी आडवे झाले होते. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा अंगाखाली दबलेला. मी 34 वर्षं नर्सची नोकरी करून आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते. काय झालंय हे कळायला मला एक क्षणही लागला नाही. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं चांगलं कधी बघितलंत?" मी म्हटलं, रात्री दहा वाजता. माझ्याच तोंडून निघालेल्या त्या उत्तराचा अर्थ मला समजत होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते आणि ती कोणत्या घटकेपासून मोजायची हेच आम्हाला सांगता येत नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच झोपले होते, एक हात अंतरावर, आणि मला गाढ झोप लागली होती.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. मुलीलाही नाही.

उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की पुष्कळदा दोन्ही एकदम जातं. अठरा दिवसांनी घरी आणलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. वजन 82 किलो. मुलगी बंगळुरूला, तिला तीन महिन्यांचं बाळ. सगळेच विचारत होते, काही लागलं तर सांगा. मी म्हणत होते, नाही हो, मी सिस्टर आहे, मला सवय आहे.

सवय होती हे खरंच. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी द्यायची, पाठीला हात लावून कुठे लाली आली आहे का ते बघायचं. मी हे हजारो जणांचं केलं होतं. पण वॉर्डात कूस बदलताना पलीकडे नेहमी दुसरं कुणीतरी असतं. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या हातात, आणि एक-दोन-तीन. घरी चादरीची चारही टोकं माझ्याच हातात होती. आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी आलं तर मी त्यांना पुढच्या खोलीत बसवायची, चहा द्यायची, थोडं बोलून प्रार्थना करायची आणि वाटेला लावायची. आतल्या खोलीचं दार ओढलेलं असे. महिला मंडळाच्या भेट समितीची मी अकरा वर्षं प्रमुख होते. घरोघर जाऊन लोकांच्या पलंगाशी बसायची सवय मला होती. माझ्या घरातल्या पलंगाशी कुणी बसावं हे मात्र मला सोसेना.

तेवीस दिवस ते चाललं. चोविसाव्या दिवशी ह्यांना वर ओढताना कमरेतून कळ निघाली आणि मी पलंगाशेजारी खालीच बसले. उठताच येईना. आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकीणबाई, सहज म्हणून आल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या सरळ आत आल्या आणि त्यांना ते सगळंच दिसलं. ओली चादर, मी जमिनीवर, आणि हे डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते.

मला रडू आलं, पण त्याआधी राग आला. मी म्हटलं, तुम्ही विचारून यायला हवं होतं. त्यांनी ते कानांवर घेतलंच नाही. आधी मला उठवून बसवलं, मग चादर बदलली, मग स्वयंपाकघरात जाऊन आमटी गरम केली. आणि मग एकच वाक्य बोलल्या, "बाई, तुमच्या पणजीला कुणीतरी उचलूनच आणलं होतं ना?"

पणजीची गोष्ट मी महिला मंडळात इतक्यांदा सांगितली आहे की सगळ्यांना ती पाठ आहे. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या शेकडो मुली आणल्या, त्यांत माझी पणजी होती. सात वर्षांची. चालवत नव्हतं म्हणून तिला उचलून बैलगाडीत घातलं, असं आजी सांगायची. रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या केडगावात ती वाढली. (दौंडजवळचं केडगाव, आपल्या नगरचं नव्हे. हा घोटाळा बाहेरच्यांचा नेहमी होतो.) पुढे ती तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबल मुक्तीतल्या बायका-मुलींनीच जुळवलं आणि छापलं. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये वारल्या, आणि अख्खं बायबल बाहेर आलं ते त्यानंतर. ज्या मुलींना पंचवीस वर्षांपूर्वी दुष्काळातून उचलून आणलं होतं, त्याच बायका बाईंच्या मागे ते काम पुढे नेत होत्या. मी ही गोष्ट नेहमी पुढच्या बाजूने सांगायची, पणजीने काय केलं ते. पाळकीणबाईंनी मला ती सुरुवातीपासून आठवून दिली. सुरुवातीला पणजीने काहीच केलं नव्हतं. तिला कुणीतरी उचललं, आणि तिने उचलू दिलं.

त्या रात्री शंभर पानी वही आली. पट्टीने रेघा मारलेल्या. वार, सकाळ, दुपार, रात्र. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 ला सुरू झालं, त्याच झाडाची आमची मंडळी एक लहानशी फांदी आहे. सव्वाशेच्या आसपास घरं असतील. त्यातल्या एकोणीस जणांची नावं पहिल्या पानावर होती. जेवणाचं, धुण्याचं, औषधं आणण्याचं. मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्याला जे जमतं तेच त्याच्या नावापुढे लिहिलं होतं. एकाच मापाने सगळ्यांना कामं वाटली नव्हती. बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकात सातव्या अध्यायात निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या तंबूचं, सामान वाहायला लेवी वंशाच्या लोकांना गाड्या वाटल्या आहेत. गेर्षोनाच्या मुलांना दोन गाड्या आणि चार बैल, मरारीच्या मुलांना चार गाड्या आणि आठ बैल, कारण त्यांच्याकडे फळ्या, खांब, बैठका असं जड सामान. आणि कहाथाच्या मुलांना एकही गाडी नाही, कारण त्यांच्याकडची पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायची होती. हा अध्याय म्हणजे नुसती लांबलचक यादी, म्हणून मी तो कायम घाईने वाचून टाकत असे. वही समोर आली तेव्हा तो नीट वाचला.

काही मदत गाडीवर घालून पाठवता आली. डबा आला, डायपरचे खोके आले, पैशांचं एक पाकीट आलं, त्यावर नाव नव्हतं. पण ह्यांना फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, खाली न्यायचं होतं. ते खांद्यावरूनच.

मजल्याला अठरा पायऱ्या. तीन मजल्यांच्या 54. प्रत्येक मजल्याच्या मध्ये एक वळण, आणि ते इतकं अरुंद की कपाट वर आणताना आम्ही त्याचे पाय काढले होते. पहिल्या दिवशी चादरीत घालून नेलं. तो दिवस आठवला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या वेळी प्लास्टिकची खुर्ची घेतली, तर पहिल्याच मजल्यावर तिचे पाय फाकायला लागले. मग आमच्या मंडळीतल्या प्लंबरभाऊंनी जेवणाच्या टेबलाची जुनी सागवानी खुर्ची घेतली. तिच्या बैठकीखालून दोन बांबू काढले, सुतळीने नाही तर नायलॉनच्या दोरीने आवळून बांधले, आणि छातीला अडकवायला जुन्या बॅगेचा पट्टा लावला.

चौघे ठरले. प्लंबरभाऊ, बुटके, पण मनगट लोखंडाचं. तरुण संघाचा सेक्रेटरी, बँकेत कामाला, अंगाने किरकोळ पण उंच. गॅरेजमध्ये काम करणारा एक चोवीस वर्षांचा मुलगा. आणि तळमजल्यावरचे काका. काका आमच्या मंडळीतले नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला उपास. ते सासवडकडचे. चैत्रात शिखर शिंगणापूरला ज्या कावडी जातात, त्यांतल्या सासवडच्या कावडीबरोबर ते तरुणपणी मुंगी घाट चढलेले. तो घाट म्हणजे नुसता उभा कडा. माणसांची साखळी करून, दोर लावून, कावड वर ओढून घेतात. वहीत काकांचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. चादरीच्या दिवशीचा आरडाओरडा ऐकून ते स्वतःहून जिन्यात आले आणि म्हणाले, "असं नाही. आवाज एकाचाच पाहिजे."

त्यांनी जागा लावून दिल्या. उतरताना उंच माणसं खालच्या बाजूला, बुटकी वरच्या बाजूला, म्हणजे खुर्ची सरळ राहते. भार खालच्यांवर जास्त येतो, म्हणून दर मजल्याला ते डावे-उजवे अदलाबदल करणार, पण ती पायरीवर नाही, वळणावर. बोलणार फक्त काका. "उचला." "एक." "एक." "थांबा." पहिल्याच दिवशी सेक्रेटरी मुलगा जोर दाखवायला गेला आणि खुर्ची एका अंगाला कलली. काका त्याला म्हणाले, "घाटात कोण किती ताकदीचा ते बघत नसतात बाळा. दुसऱ्याचा पाय कुठं आहे ते बघतात." मी वर कठड्याला धरून उभी होते. आयुष्यभर ऐकलेल्या प्रवचनांच्या पंक्तीत मी हे वाक्य बसवलं आहे.

गॅरेजवाला मुलगा खालच्या बाजूला डावीकडे असे. उतरताना तो ह्यांच्याकडे तोंड करून पाठमोरा उतरायचा आणि सतत बोलायचा. "दादा, झालं. दादा, वळण आलं. दादा, आता सहाच पायऱ्या." हे त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहायचे.

दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर खुर्चीचा मागचा पाय दर वेळी भिंतीला घासायचा. रंग गेला, मग गिलावा गेला, मग बोटभर खोबण पडली. ती भिंत दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या दाराला लागून आहे. त्यांनी नुकतंच पाच हजार घालवून जिन्याचा तो भाग स्वतःच्या खर्चाने रंगवला होता. मी माफी मागायला गेले, म्हटलं, माणूस पाठवून दुरुस्त करून देते. त्या म्हणाल्या, "आत्ता कशाला? परत घासणारच. राहू दे." आणि खरंच, पावणेतीन वर्षं त्यांनी त्या भिंतीचं नाव काढलं नाही. कफर्णहूमातल्या त्या घरमालकाबद्दल शास्त्र काही सांगत नाही. मला आता वाटतं, तोही असंच काहीतरी बोलला असेल.

रात्रीच्या रकान्यात बुधवारी एका आजीचं नाव होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना उचलवत नव्हतं, वाकवत नव्हतं, मोतीबिंदूमुळे गोळ्यांवरचं वाचवत नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, ह्यांना कशाला घातलं वहीत, ह्यांचंच आपल्याला करावं लागेल. त्या रात्री नऊला यायच्या, पलंगाशी खुर्ची घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, तू झोप. मग अंधारात हळू आवाजात उपासना संगीत या आमच्या गीतपुस्तकातली पदं म्हणत राहायच्या. रेव्हरंड टिळकांची पदं त्यांना सगळी तोंडपाठ. ओवी-अभंगाच्या चालीवरची ती पदं म्हणजे आमच्या घराघरातली अंगाई.

मार्चमधल्या एका रात्री मला दोन आवाज ऐकू आले. मी ताडकन उठले. आजी गात होत्या आणि त्यांच्या मागोमाग हे. दोन महिन्यांत ज्यांच्या तोंडून "हो", "नाही", "चल" याशिवाय शब्द निघाला नव्हता, ते ध्रुवपदाची अख्खी ओळ म्हणत होते. शब्द थोडे लडबडलेले, पण सगळे जागेवर. मला त्याचं कारण माहीत होतं. बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, पण चालीला उजव्या बाजूचा आधार असतो, म्हणून वाचा गेलेली माणसं कधीकधी गाऊ शकतात. हे मी विद्यार्थिनींना शिकवलेलं. तरीही मी दारात उभी राहून थरथरत होते.

त्याच रात्री मी आजींना ते सांगितलं. की मी शेजारीच होते आणि मला जाग आली नाही. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "झोप लागणं हा गुन्हा नसतो गं." आणि माझा हात त्यांनी सकाळपर्यंत धरून ठेवला. वहीत त्या रात्रीपुढे त्यांनी पाळकीणबाईंकडून लिहून घेतलं होतं: "बसले."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते.

ऑगस्टमधला मंगळवार. दुपारची वेळ. उतरताना गॅरेजवाल्या मुलाचा हात सुटला. खुर्ची डावीकडे कलली, ह्यांचं कपाळ कठड्याच्या लोखंडावर आपटलं, भुवई फुटली. काकांनी आणि प्लंबरभाऊंनी कशीबशी सावरली. मी धावत खाली गेले आणि मुलाच्या जवळ जाताच मला वास आला. दुपारी तीनला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. त्याच्या आईपर्यंत गेले. "परत या जिन्यात पाऊल टाकलंस तर बघ," असं म्हणाले. दोन टाके पडले. बाकीचे तिघेही म्हणाले, बाई, तुमचं बरोबर आहे, जिवाशी खेळ आहे हा. दुसरा एक मुलगा बघितला.

शुक्रवारी खुर्ची आली आणि हे बसेनात. डाव्या हाताने पलंगाचा गज घट्ट धरला. मी समजावलं, ओरडले, हात सोडवायला गेले. चेहरा लाल. मग भुवईवरच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "तो." मी म्हटलं, हो, तो आता येणार नाही, घाबरू नका. त्यांनी जोरात मान हलवली. "नाही." मग बोट खुर्चीच्या डाव्या पायाकडे, तो धरायचा त्या बांबूच्या टोकाकडे. "तो. चल."

माझ्याकडे जेवढे शब्द होते त्यांतला एकही त्या मुलासाठी मला वापरावासा वाटला नव्हता. ह्यांच्याकडे चार-पाचच होते, त्यांतले दोन त्यांनी त्याच्यावर खर्च केले.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. आमच्या पुढच्या खोलीत दोसुतीवर टाक्यांनी भरलेलं एक वचन आहे. मी 1989 साली लग्नाआधी भरलेलं. "एकमेकांची ओझी वाहा." गलती 6:2. पाळकसाहेब त्याच्याकडे बघून म्हणाले, याच्या आधीचं वचन कुठलं, आठवतं का बाई? मला आठवेना. तेहेतीस वर्षं मी दुसरं वचन भिंतीवर लावलं होतं आणि पहिलं मला येत नव्हतं. पहिल्या वचनात कुणीतरी अपराधात सापडलेला माणूस आहे, आणि त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा असं सांगितलं आहे. ओझं वाहा हे त्याच्या लगेच पुढे येतं. म्हणजे हे पत्र लिहिणारा पौल जे ओझं म्हणतो त्यात आजारपण आहे, दुःख आहे, पण ज्या माणसाचं पाऊल घसरलं त्याचं ते घसरणंही आहे. मी ह्यांचं ओझं इतरांना द्यायला शिकले होते, आणि त्याला फार मोठी गोष्ट समजत होते. त्या मुलाचं ओझं चौघांच्या हिशेबात धरायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

काका त्याला घेऊन आले. तो दारात चपला हातात घेऊन उभा. "मावशी," एवढंच म्हणाला. माझ्या तोंडून त्या दिवशी क्षमेचा शब्द निघाला नाही. खोटं कशाला लिहू? तो निघायला मला नाताळ उजाडावा लागला. पण काका म्हणाले, "खाली, डावीकडं. तुझीच जागा आहे," आणि ह्यांनी गज सोडला.

कृपा म्हणजे वाटेल ते चालवून घ्यायचं असं मात्र नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दोनला काका स्वतः गॅरेजवर जाऊन त्याला आणायचे. प्लंबरभाऊ संध्याकाळी त्याला आपल्याबरोबर कामावर न्यायचे, पाने-पकडी धरायला, कारण त्याचा वाईट वेळ सात ते नऊचा होता. शनिवारी सेक्रेटरी मुलगा त्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला सोडायचा आणि बाहेर मोटारसायकलवर बसून राहायचा. दोनदा तो परत घसरला. दोन्ही वेळा त्याने आधीच फोन करून सांगितलं, आज मला उचलायला लावू नका. त्या दिवशी आम्ही फिजिओला गेलो नाही.

त्याच अध्यायात पाचव्या वचनात पौल म्हणतो की ज्याने त्याने आपला भार वाहावा. आधी एकमेकांची वाहा म्हणतो आणि तीन वचनं पुढे आपापला वाहा म्हणतो. पाळकसाहेबांनी सांगितलं, ग्रीकमध्ये शब्द दोन वेगळे आहेत. दुसऱ्या वचनातला बारोस, म्हणजे दडपून टाकणारं वजन. पाचव्यातला फोर्तियोन, प्रत्येकाने आपल्या पाठीवर न्यायची शिदोरी म्हणा हवं तर. "माझे ओझे हलके आहे" असं प्रभू म्हणतो तिथेही हाच दुसरा शब्द आहे.

ह्यांचा फोर्तियोन म्हणजे शर्टाची बटणं. डाव्या हाताने. अंगठा आणि तर्जनीत बटण धरायचं, करंगळीने काज ताणायचं, ते निसटायचं, परत धरायचं. चार बटणांना वीस मिनिटं लागायची. खाली रिक्षा थांबलेली, चौघे खोलीत उभे, आणि कुणाचेही हात शिवशिवले तर हे नुसते बघायचे. त्या नजरेने हात मागे जायचे. चौघांना ते उचलायला शिकायला दोन आठवडे लागले. हात न लावता वीस मिनिटं उभं राहायला शिकायला दोन महिने. कफर्णहूमातला तो माणूस बरा होऊन आपली बाज स्वतः उचलून निघाला होता. हे कधी चालले नाहीत. पण शर्ट त्यांचा त्यांनीच घातला, शेवटपर्यंत.

दुसरा झटका 2024 च्या नोव्हेंबरात आला, आणि त्यांना त्यातून उठवलं नाही. पाच दिवसांनी, घरीच, पहाटे. त्या वेळी मी जागी होते.

त्यांना आंघोळ मी घातली. पांढरा शर्ट घातला. बटणं मी लावली, एक मिनिटही लागलं नाही, आणि ते मला फार जड गेलं.

पेटी जिन्यातून वर येईना. वळणावर अडकली. दोघा-तिघांनी उभी करून बघितली, मग काका म्हणाले, खालीच ठेवा. त्यांनी वर येऊन कोपऱ्यातली सागवानी खुर्ची उचलली. बांबू तसेच बांधलेले होते. कुणी कुणाला जागा सांगितली नाही. प्लंबरभाऊ वर उजवीकडे, काका वर डावीकडे, सेक्रेटरी मुलगा खाली उजवीकडे. बॅगेचा पट्टा छातीवर लावला. आजींनी पद सुरू केलं, मग जिनाभर माणसांनी. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई दार उघडून उभ्या होत्या. वळणावर खुर्चीचा पाय न घासता त्या खोबणीत जाऊन बसला, आणि काकांनी हळूच म्हटलं, "थांबा." दोघांनी बाजू बदलल्या. मी मागून येत होते, एका हाताने भिंत धरून.

शेवटच्या मजल्यावर गाणं थांबलं होतं. गॅरेजवाला मुलगा पाठमोरा उतरत होता, ह्यांच्या तोंडाकडे बघत, आणि त्याचा आवाज मला वर स्पष्ट ऐकू आला.

"दादा, झालं. आता सहाच पायऱ्या."